वल्ह्याला लावलेला कान

भाविका तामोरे मासे खात नाही, असं समुद्रध्वनी केंद्रातल्या सगळ्यांना वाटायचं. डब्यात बटाट्याची भाजी, नाहीतर पनीर. मुरबे गावच्या कोळ्याची पोर, सुक्या बोंबलांवर लहानाची मोठी झालेली, आणि कँटीनमध्ये तळलेली सुरमई आली की म्हणायची, "नको बाई, मला सवय नाही." आता याला काय म्हणावं! पण हसण्याआधी जरा थांबा. पुढे नऊ माणसं मेली ती याच सवयीपायी.

हे केंद्र पालघरच्या उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या एका टेकडीवर. तिथून चाळीस मैलांवर समुद्राच्या तळाशी दीडशे माइक अंथरलेले होते आणि भाविका तिथली मुख्य शास्त्रज्ञ होती. तिने शोधून काढलेली गोष्ट ऐकायला सोपी आहे. तेलाचा रिकामा डबा बोटाने वाजवा, मग त्यात तांदूळ भरून वाजवा, मग खिळे भरून वाजवा. तीन तऱ्हेचे आवाज येतील. जहाजाचंही तसंच. इंजिनाच्या धडधडीने त्याचं सगळं पोलादी अंग सतत घुमत असतं आणि पोटात काय भरलंय त्याप्रमाणे ते घुमणं बदलतं. माणसाच्या कानाला हा फरक कळत नाही, पण मशीनला कळू शकतो. म्हणून गहू, सिमेंट, कापूस, दारूगोळा असा ठाऊक असलेला माल भरून जहाजं त्या माइकांवरून नेली, ते आवाज मशीनला शेकडो वेळा ऐकवले, आणि मशीन आपलं आपण शिकलं. मग काय! जहाजाला हात न लावता, एकही पेटी न उघडता, आत काय आहे ते टक्क्यांत सांगू लागलं. एकच गोष्ट ते सांगत नसे. कशावरून ओळखलंस, असं त्याला विचारायची सोय नव्हती.

ही कल्पना भाविकाला सुचली कुठून, तर बापाच्या वल्ह्यावरून. हरेश्वर तामोरे तरुणपणी होडी थांबवून वल्हं पाण्यात सोडायचा आणि दांड्याला कान लावून बसायचा. खाली मासे बोलतात, ते लाकडातून चढत वर येतं. ढोम्यांचा थवा असला की खुडुक बसलेली कोंबडी घशातल्या घशात करते तसा आवाज येतो. सहा वर्षांच्या भावूला मांडीवर घेऊन त्याने तो ऐकवला होता. तिच्या शोधनिबंधाला शंभर संदर्भ जोडलेले होते. त्यात वल्ह्याचं नाव नव्हतं.

त्या वर्षांत जगात काय चाललं होतं, तेही सांगून टाकतो. एक बर्फाळ देश आणि एक वाळवंटी देश. नावं घेत नाही, तुम्हाला जी आठवतील ती चालतील. दोघांचं आपसात फारसं जमत होतं अशातला भाग नाही, पण दोघांचंही एका महासत्तेशी हाडवैर. हे दोघे एकमेकांना चोरून शस्त्रं पाठवतात, असा महासत्तेला दाट संशय. काही खेपा खऱ्याही असतील, देव जाणे. पण भर समुद्रात दुसऱ्याचं जहाज अडवायचं तर जगाला दाखवायला काहीतरी पुरावा लागतो. आपल्या सरकारला दोन्हीकडे गोड राहायचं होतं. मग करार झाला की भारत फक्त ऐकेल आणि ऐकलेल्याचा दाखला देईल. दाखल्यावर मशीनची नाही, माणसाची सही पाहिजे. ती सही भाविकाची.

आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता तीन जहाजांवर तिच्या सहीचे दाखले निघाले. तिन्ही जहाजं महासत्तेने दम देऊन माघारी पिटाळली. आत काय होतं ते कुणी उघडून पाहिलं नाही. आणि कुणी पाहिलं नाही म्हणूनच भाविकाचं नाव झालं!

यंदा नारळी पौर्णिमा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी महासत्तेचे दोन पाहुणे केंद्रात आले. आदल्या संध्याकाळी 'गुलरुख' नावाचं मालवाहू जहाज माइकांवरून गेलं होतं, बर्फाळ देशातून वाळवंटी देशाकडे. मशीनने आकडा दिला होता, दारूगोळा, चौऱ्याण्णव टक्के. पाहुण्यांना तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. संचालक डॉ. केळुसकर कोट घालून उभे होते. भाविकाने स्पीकर लावला आणि खोलीभर जहाजाची घरघर पसरली.

नेमका तेव्हाच दरवाजा ढकलून हरेश्वर आत आला.

बायको गेल्यापासून तो लेकीच्या क्वार्टरवर राहत होता. सणाला मुरब्याला गेला होता, तो एसटीने परत आला, तर घराची किल्ली लेकीकडे. पहारेकरी ओळखीचा, त्याने वर सोडला. डोक्यावर सणाची लाल टोपी, हातात नारळीभाताचा डबा, आणि अंगाला मासळीचा तो वास. भाविकाचे कान तापले. केंद्रात पाऊल टाकायचं नाही, असं तिने बापाला दहादा सांगितलं होतं. आणि आजच मुहूर्त लागला होता त्याला!

हरेश्वर काही बोलणार तोच स्पीकरकडे वळला. मान तिरपी करून, डोळे मिटून त्याने क्षणभर ऐकलं. मग लेकीकडे बघून सहज म्हणाला,

"भावू, हे तर ढोमे बोलतायत."

उंच पाहुण्याला कौतुक वाटलं. त्याने इंग्रजीत विचारलं, "हे कोण? काय म्हणतायत हे?"

त्या घटकेला भाविकाच्या मनात काय काय आलं ते तिने नंतर शंभर वेळा उकरून पाहिलं. ढोमे! पाच-पन्नास देशांनी मानलेलं मशीन, आणि हा सांगतोय ढोमे. ढोमा म्हणजे काय हे त्या साहेबाला सांगायचं कसं? मग वल्हं सांगावं लागेल, होडी सांगावी लागेल, मुरबे सांगावं लागेल. केळुसकरांच्या भुवया वर गेलेल्या तिला दिसल्या.

ती हसली. "इथले लोकल गृहस्थ आहेत. म्हणतात, मशीन फार छान आहे."

पाहुण्याने हरेश्वरला वाकून नमस्कार केला. हरेश्वरने लेकीकडे बघितलं, मग पाहुण्याला नमस्कार केला, डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि किल्ली घेऊन निघून गेला.

वीस मिनिटांनी भाविकाने सही केली. पेन टेकवताना वाटलं होतं की हेडफोन लावून एकदा परत ऐकावं. पण गुलरुख माऱ्याच्या टप्प्याबाहेर जायच्या आत दाखला हवा होता, पाहुणे घड्याळ बघत होते, आणि परत ऐकायचं कशासाठी हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी महासत्तेने गुलरुखला थांबायला सांगितलं. कप्तान म्हणाला, काय तपासायचं ते बंदरात तपासा, भर समुद्रात थांबणार नाही. मग त्यांनी ड्रोन सोडून जहाजाचं इंजिन उडवलं. नुसतं जागेवर खिळवायचं होतं म्हणे. पण आग मालाला लागली आणि चार तासांत जहाज बुडालं. जहाजावरच्या तेवीस माणसांतली नऊ गेली. महासत्तेने जाहीर केलं की शस्त्रांचा मोठा साठा नष्ट झाला. वाचलेले खलाशी ओरडून सांगत होते की आत वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं होती. त्यांचं कोण ऐकतो! माल समुद्राच्या तळाशी गेलेला, आणि दाखला तर जगासमोर होता.

केंद्रात पेढे वाटले गेले. भाविकानेही एक तोंडात टाकला.

तिसऱ्या दिवशी एका खलाशाने मोबाइलवर घेतलेलं चित्रण सगळीकडे फिरलं. पाण्यावर काळपट पांढरं काहीतरी दूरवर पसरलं होतं, भिजलेल्या चादरी वाळत घालाव्यात तसं. तो कागद होता. दारूगोळ्याच्या जहाजात इतका कागद कुठून येणार? भाविकाने चित्रण थांबवलं, प्रयोगशाळेचं दार आतून लावलं आणि बापाचं ते वाक्य प्रथमच नीट आठवलं.

लहान होड्या मशीनला ऐकवायच्या नाहीत, असा तिनेच नियम केला होता. तो मोडून तिने मुरब्याच्या 'जलदेवी' बोटीचा परवा संध्याकाळचा आवाज मशीनला दिला. जलदेवीत बर्फ होता आणि सहा माणसं होती. मशीन म्हणालं, दारूगोळा, एक्याण्णव टक्के. मग तिने गेल्या वर्षीच्या चाचण्यांतला खरोखर दारूगोळा भरलेल्या जहाजाचा एकुलता एक भरदुपारचा आवाज शोधून काढला. दुपारी ढोमे गप्प असतात. मशीन म्हणालं, सिमेंट.

तिने चाचण्यांच्या तारखांची यादी उघडली.

काय झालं होतं, तेही उघड आहे. गहू, सिमेंट, कापूस यांच्या चाचण्या झाल्या होत्या माघ ते वैशाखात. दारूगोळ्याची परवानगी यायला उशीर झाला, तोवर पावसाळा लागला, मासेमारी बंद झाली. श्रावणात केळुसकर म्हणाले, माइक धुऊन परत टाकायला नौदलाची बोट मागवू, उद्याच सुरू करू. भाविका म्हणाली, नको सर, इथल्याच होड्या घेऊ, त्यांना पाण्याची खोली ठाऊक असते. मनातलं कारण निराळं होतं. मुरब्याच्या लोकांनी तिला जहाजाच्या डेकवर उभं राहून हुकूम सोडताना बघावं, अशी तिची फार दिवसांची हौस. गावाला तिचा रुबाब दिसावा आणि केंद्राला तिचं गाव दिसू नये, दोन्ही एकदम पाहिजे होतं बाईला! पण समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय मुरब्याची होडी पाण्यात जात नाही, मग पंतप्रधान येऊन सांगोत. तेव्हा दारूगोळ्याच्या सगळ्या चाचण्या पडल्या नारळी पौर्णिमेनंतरच्या तीन आठवड्यांत. आणि सुरक्षेसाठी होड्या घरी परतल्यावर, म्हणजे एक सोडून सगळ्या संध्याकाळी.

नेमक्या त्याच दिवसांत, त्याच वेळेला, ढोम्यांचे नर थव्याने बोलत असतात. जड पेट्यांनी जहाजाचं अंग ज्या पट्टीत घुमतं, जवळपास त्याच पट्टीत. मशीन बिचारं इमानदार. त्याला जवळजवळ प्रत्येक दारूगोळ्यापाशी ढोमे ऐकू आले, म्हणून ढोमे म्हणजेच दारूगोळा असं ते शिकलं. अहवालात भाविकाने लिहिलं असतं की नारळी पौर्णिमेसाठी थांबलो, तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, मग या दिवसांत पाण्यात दुसरं काय काय असतं? तिने लिहिलं होतं, 'प्रतिकूल हवामानामुळे विलंब.' नारळी पौर्णिमा लिहायची तिला लाज वाटली होती.

ती भर दुपारी घरी आली. हरेश्वर गच्चीत जुन्या जाळ्याची भोकं भरत बसला होता. त्या जाळ्याचा आता कुणाला उपयोग नव्हता, पण हाताला चाळा लागतो.

"बाबा," ती दारातूनच म्हणाली, "त्या दिवशी तू जे बोललास ते मी त्यांना सांगितलं नाही."

"माहीत आहे मला."

"तुला काय माहीत? इंग्रजी कुठे येतं तुला?"

"लोकल म्हणालीस ते कळलं." हरेश्वरने सुई खाली ठेवली. "आणि ढोमे बोलतायत हे ऐकून कुठला साहेब वाकून नमस्कार करेल, भावू? मी इतकाही खुळा नाही."

भाविका पुढे येऊन जाळ्यापाशी बसली. "मग परत का नाही बोललास? ओरडायचं होतंस. माझा हात धरायचा होतास!"

"धरणार होतो." म्हाताऱ्याने जाळं बाजूला सारलं. "तुझा चेहरा बघितला. म्हटलं, चारचौघांत पोरीची शोभा नको. तू माझी लाज वाटून खोटं बोललीस, मी तुझी लाज राखायला गप्प बसलो. नऊ जण गेले गं. रोज बातम्यांत त्यांची नावं वाचतात, मी टीव्ही बंद करतो."

ती रडली नाही. रडून मोकळं व्हायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. शरमेने तिला बापाच्या पायांकडेही बघवेना.

त्याच संध्याकाळी दुसरं जहाज माइकांवरून जाणार होतं, सव्वीस खलाशी घेऊन. भाविकाने केळुसकरांना जलदेवीचा आकडा दाखवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण माणूस हुशार. पाणी पिऊन म्हणाले, "दाखले आजच बंद करू. ऋतुमानाचा तांत्रिक दोष आढळला, असं कळवू. तेवढं पुरे आहे."

दाखले थांबले आणि ते सव्वीस खलाशी सुखरूप पोचले. पण तांत्रिक दोष म्हटल्यावर जगभर ओरड झाली, आणि दोन महिन्यांनी मुंबईत आंतरराष्ट्रीय चौकशी बसली. जायच्या आदल्या दिवशी केळुसकरांनी तिला खोलीत बोलावलं.

"हे बघ भाविका, चूक मशीनची होती. चाचण्यांच्या तारखा जुळल्या, हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तेवढंच सांग. तुझ्यावर काही येणार नाही. तुझ्या वडिलांचं तिथे कशाला काढायचं? कुणाला ठाऊक तरी आहे का?"

"मला आहे, सर," ती म्हणाली. "आणि त्यांना आहे."

चौकशीच्या सभागृहात सकाळचं ऊन खिडक्यांतून आत आलं होतं. समोर तीन न्यायाधीश, एका बाजूला महासत्तेचे लोक, त्यांत तो उंच पाहुणा, आणि दुसऱ्या बाजूला गुलरुखवरून वाचलेले चौघे. मागच्या रांगेत लाल टोपी घालून हरेश्वर बसला होता. टोपी घालू नकोस, असं या वेळी तिने म्हटलं नाही. उलट निघताना त्याने ती खिशात ठेवली होती, तिनेच काढून त्याच्या हातात दिली.

भाविकाने तारखा सांगितल्या, ढोमे सांगितले, जलदेवीचा बर्फ सांगितला. मुख्य न्यायाधीश बाईंनी विचारलं, "हा दोष तुमच्या लक्षात कधी आला?"

केळुसकर पुढे झुकले. इथे 'गुलरुख बुडाल्यावर' इतकं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"दोष नंतर कळला," भाविका म्हणाली. "पण मला सांगितलं गेलं होतं आधी. सही करण्याच्या वीस मिनिटं आधी माझे वडील त्या खोलीत आले. ते कोळी आहेत. आवाज ऐकून ते म्हणाले, हे तर ढोमे बोलतायत. या गृहस्थांनी मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं, मशीन फार छान आहे म्हणाले. ते माझे वडील आहेत हेही सांगितलं नाही. मला त्यांची लाज वाटली होती."

उंच पाहुण्याने मान खाली घातली. सभागृहात कुजबुज झाली.

वाचलेल्या चौघांतला एक जण उठला. गुलरुखचा दुसरा इंजिनिअर, तिशीतला असेल, मानेवर भाजल्याचा डाग. त्याचा धाकटा भाऊ त्याच जहाजावर होता, खाली रिळांपाशी. तो आपल्या भाषेत बोलू लागला. बराच वेळ बोलला, मध्ये आवाज चिरकला, एकदा त्याने मागच्या रांगेकडे बोट केलं. तो खाली बसला तशी दुभाषी बाई अवघडली, कागदांशी चाळा करत इंग्रजीत म्हणाली,

"त्यांना अतिशय दुःख झालं आहे, असं ते म्हणतात."

भाविकाने तिच्याकडे बघितलं. ते अवघडणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "एवढंच नाही म्हणाले ते. काय म्हणाले ते सगळं सांगा. शब्दन्‌शब्द सांगा."

दुभाषी बाईने न्यायाधीशांकडे बघितलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं.

"ते म्हणतात..." दुभाषी बाईचा आवाज लहान झाला, "माझ्या भावाला पोहता येत होतं, पण दार बाहेरून वाकलं होतं. तो आतून दार वाजवत होता, ते मी ऐकत होतो. तुम्ही ऐकण्यातल्या तज्ज्ञ आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि ते विचारतात, ते मागे बसलेत ते तुमचे वडील का? ते अजून तुमच्या हातचं जेवतात का?"

भाविका मागे वळली. तिने ते सगळं मराठीत बापाला सांगितलं, दारासकट सगळं. तिने काही गाळलं नाही.

हरेश्वर उठून उभा राहिला. टोपी काढून त्याने दोन्ही हातांत धरली.

"जेवतो म्हणावं," तो म्हणाला. "पण घास खाली उतरत नाही. आणि त्याला सांग, मी एकदाच बोललो, दुसऱ्यांदा बोललो नाही. त्याच्या भावाच्या मरणात माझाही वाटा आहे."

भाविका समोर वळली आणि तिने ते इंग्रजीत सांगितलं, तो जसं म्हणाला होता तसंच. दुभाषी बाईने ते पुढे सांगितलं. तो इंजिनिअर ऐकत होता, पण भाविकाकडे बघतच नव्हता. तो म्हाताऱ्याकडे बघत होता.